दुसरीच्या वेळापत्रकातली आई

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघून कुणी काही करत नसे. बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. बंदराच्या गेटवर रांग किती लांब असेल, कंटेनर कधी मिळेल, हे त्यांनाच ठाऊक नसायचं. ते सकाळी आले तर सकाळी जेवण, दुपारी आले तर दुपारी. ट्रेलर हायवेच्या कडेला लावून ते चालत गावात यायचे. पण त्या ब्रेकचा सुस्कारा आई इतक्या गाड्यांतून बरोबर ओळखायची, आणि ते दाराशी येईपर्यंत तवा तापलेला असायचा. तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेला सुका जवळा. वास पार बाहेरच्या नळापर्यंत जायचा. आमची शेती नव्या शहरात गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. तिच्या मोबदल्यात मिळालेल्या तुकड्यावर चुलत्यांनी मजले चढवले आणि आमच्या वाट्याला खालच्या दोन खोल्या आल्या. त्या दोन खोल्यांत दिवस हवा तसा पसरलेला असायचा. शाळा एवढी एकच गोष्ट वेळेवर, बाकी सगळं जमेल तेव्हा. आई घरातच असायची. ती कुठे आहे, हा प्रश्नच मला तोवर पडला नव्हता.

मी आठवीत गेले आणि आई खारघरला कामाला जाऊ लागली. काम म्हणजे एका मुलीला सांभाळायचं. तन्वी तिचं नाव, वय साडेचार. तिचे आईवडील दोघंही सकाळी ऑफिसला जात, आणि घर दहाव्या मजल्यावर होतं. पहिल्या दिवशी आई परत आली ती नवा प्रदेश बघून आल्यासारखी. "तिच्या फ्रिजवर कागद हाय," ती बाबांना सांगू लागली, "आनि त्याच्यावर रंगीत चौकोन. दुधाचा पिवला, झोपेचा निला. पान्यात पोहायचा वेगला, चित्राचा वेगला. पोरगी रडली तरी चौकोन काय हलत नाय." बाबा हसले. "येवढ्याशा पोरीला येवढं काम?" ते म्हणाले. मीही हसले. मला ते तेव्हा खरंच गमतीचं वाटलं होतं.

मॅडमनी, म्हणजे तन्वीच्या आईनं, आईला एक मोबाइल दिला होता. बटणांचा, छोटासा. त्यात प्रत्येक चौकोनासाठी वेगळी धून लावून दिली होती, कारण आईला इंग्रजी वाचता यायचं नाही. दुधाची धून टिंगटिंग करत यायची, झोपेची अंगाईसारखी, पोहण्याची बँडबाजासारखी. रविवारी आईला सुट्टी असे, पण फोनला नसे. आम्ही जेवायला बसलेले असायचो, आईच्या हातात वालाच्या बिरड्याची पळी असायची, आणि फोन टिंगटिंग करायचा. आईचा हात हवेतच थांबायचा. "दूध प्यायली असंल आता," ती स्वतःशीच म्हणायची. कधी म्हणायची, "साय काडली असंल का मॅडमनी? साय दिसली तर ती ग्लासाला हात लावीत नाय." मग पळी माझ्या ताटाकडे यायची. मला बिरडं किती हवं, हे न विचारता.

मत्सर हा शब्द मला तेव्हा पुस्तकातूनच माहीत होता. तो अंगात कसा शिरतो ते त्या रविवारांनी शिकवलं. छातीत नाही, गळ्याच्या खाली, घास अडकतो त्या जागी. तन्वीला दुधावरची साय आवडत नाही, तिला झोपताना डाव्या कुशीवर थोपटावं लागतं, पोहण्याआधी केळं दिलं तर तिच्या पोटात दुखतं, हे सगळं मला पाठ झालं होतं, कारण आईला पाठ होतं. आणि माझी सहामाही सुरू होतेय, हे आईला परीक्षेच्या दिवशी सकाळीही ठाऊक नव्हतं. मी दप्तर भरत होते. "आज येवढी घाई का गं?" तिनं विचारलं. मी चपला घातल्या.

मीही वेळापत्रक केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पट्टीनं चौकोन आखले, शाळेतल्या मैत्रिणीकडून स्केचपेन आणून रंगवले. अभ्यास, सराव, पुन्हा अभ्यास, आणि संध्याकाळी एक मोठा गुलाबी चौकोन: 'आई'. आईला ते इतकं आवडलं की तिनं भाताच्या शितानं चिकटवून दाराजवळ लावलं आणि शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी अभ्यासाच्या चौकोनात बसलेली असताना, आतून हाक आली, "मनी, मीठ संपलंय, जा गो जरा." मी म्हटलं, "आये, माझी अभ्यासाची वेळ आहे." "हो गं," ती म्हणाली, "पन मीठ आनून बस ना." मी गेले. मग गॅस सिलिंडरवाला आला, मग चुलतीचं बाळ धरायचं होतं. संध्याकाळी आई कामावरून यायची ती पाय ओढत, पाणी प्यायची आणि भिंतीला टेकून डोळे मिटायची. गुलाबी चौकोन तिच्या मिटलेल्या डोळ्यांसमोरून निघून जायचा. मला तेव्हा कळलं की कागदावर चौकोन आखणं सोपं असतं. तो चौकोन मोडायचा नाही असं इतर सगळ्यांनी ठरवावं लागतं. तन्वीसाठी तसं ठरवणारी माणसं होती. त्यातलं एक माझीच आई होती.

आज माझं काम दुसऱ्यांचे दिवस आखण्याचं आहे. बंदराजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात मी शिफ्ट लावते. हमाल, चालक, क्रेनवाले, सगळ्यांची नावं माझ्या स्क्रीनवरच्या चौकोनांत बसतात. कुणी येऊन म्हणतं, ताई, गुरुवारी मुलीचं गॅदरिंग आहे, तेवढी दुपार सोडा. मी तक्ता बघते. कधी जमतं, कधी नाही जमत. पण नाही म्हणताना मला समोर नेहमी कुठलीतरी न पाहिलेली मुलगी दिसते, आणि मी पुन्हा एकदा तक्ता उलटसुलट करून बघते.

आठवीत माझी एक गोष्ट मात्र बरी चालली होती, ती म्हणजे कबड्डी. आमच्याकडे कबड्डी गावोगाव, जत्रेला स्पर्धा, लग्नाच्या हळदीतसुद्धा गप्पा त्याच. मी चढाईला जायची. अंगानं काटकुळी होते, पण पाय लांब, आणि पकडीतून निसटायची एक सवय होती जी कुणी शिकवली नव्हती. त्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत पोचलो. सामना पनवेलच्या मैदानावर, कामाच्या दिवशी, दुपारचा. मी आईला आठ दिवस आधीपासून सांगत होते. ती म्हणाली, "येनार. अर्धा दिवस मागते." मी विचारलं, "नक्की?" तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "नक्की गो बाय."

ती आली नाही. सामन्याआधी मी प्रेक्षकांत बघितलं, मध्यंतरात बघितलं. बाकीच्या मुलींच्या आया आल्या होत्या, एकजण तर डब्यात लाडू घेऊन. आम्ही जिंकलो. मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, आणि मी मैदानाच्या फाटकाकडे बघत होते. बाईंनी सगळ्यांना वडापाव दिला. मी माझा हातात घेतला आणि कुणाला न सांगता खारघरच्या बसमध्ये बसले. तसाच मातीनं भरलेला गणवेश, कोपराला खरचटलेलं, केसांत धूळ. बसमधल्या बाईनं पदर आवरून घेतला.

त्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. "किसके पास जाना है?" मी आईचं नाव सांगितलं, "नंदा." तो म्हणाला, "कौन नंदा? फ्लॅट नंबर?" मला फ्लॅट नंबर माहीत नव्हता. "तन्वीची मावशी," मी म्हटलं, आणि त्याचा चेहरा एकदम ओळखीचा झाला. "अच्छा, तन्वी की मौसी! वो तो पूल पे है." माझ्या आईची तिथली ओळख ती होती, आणि ती मलाच सांगावी लागली होती.

तलाव इमारतीच्या मागे होता, निळ्या फरशीचा. कडेला आई बसली होती. तिच्या मांडीवर मोठ्या टॉवेलात गुंडाळलेली एक गोरी, ओली मुलगी. आई तिचे केस पुसत होती. मी जवळ गेले, अजून तिला दिसले नव्हते, तेव्हा मी ऐकलं. आई म्हणत होती, "झालं झालं, माजी बाय ती. पास झाली माजी बाय." तो शब्द माझा होता. आमच्या घरात तो मला सोडून कुणाला नव्हता. कोपराची आग त्या शब्दापुढे काहीच नव्हती.

"आये," मी म्हटलं.

आईनं मान वर केली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "मनी? काय झालं? बाबांना काय झालं?"

"सामना झाला," मी म्हटलं. "जिंकलो."

तिला आठवलं ते मला दिसलं. कुठल्याही माणसाला एखादी गोष्ट आठवताना मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. "आगो माजे आये," ती पुटपुटली. "तिची पान्यातली परीक्षा निघाली आज. मॅडमना मीटिंग. मी सुट्टी मागनार होते, मागायचीच होती, पन..."

"पण काय?"

"त्यांचं सगलं ठरलेलं असतं गं. मदी कुठं बोलायचं?"

माझा आवाज वर गेला. तलावाच्या पलीकडच्या बायका बघू लागल्या. "तिच्या कागदावर माझा एक तरी चौकोन आहे का? तिला दुधात साय चालत नाही ते तुला माहीत आहे. मला काय चालत नाही ते सांग. सांग ना!" टॉवेलातून तन्वीनं डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मग ती आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारून म्हणाली, "तू मनीताई. तू मावशीला रोज घेऊन जातेस." तिचे ओठ थरथरत होते. "मला नाही आवडत तू."

इतक्या वर्षांनी लोक मला सांगतात की असं ऐकल्यावर माझं मन विरघळलं असेल. तसं झालं नाही. मला आनंद झाला. त्या दहाव्या मजल्यावरच्या, तलाववाल्या, केळंसुद्धा वेळ बघून खाणाऱ्या मुलीला माझ्याकडची एक वस्तू हवी होती आणि ती रोज संध्याकाळी माझ्या घरी येत होती, हे मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. मी वडापावचा कागद मुठीत चुरगळला आणि तिच्याकडे बघून म्हटलं, "मग नको आवडू."

तेवढ्यात मॅडम आल्या. लॅपटॉपची बॅग खांद्यावर, केस विस्कटलेले, चेहरा थकलेला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "काय झालं नंदाताई?" आई उभी राहिली, तन्वी कडेवर. "काय नाय मॅडम. माजी लेक. सहज आली." मी म्हटलं, "सहज नाही आले. आई माझ्या सामन्याला येणार होती." मॅडमनी बॅग खाली ठेवली. "तुम्ही मला सांगितलं का नाही?" त्यांनी आईला विचारलं, रागानं नाही, खरंच कळून घ्यायला. आईनं पदर सारखा केला. "आज टेस होती ना तिची."

"आणि आता? झाला ना सामना?"

"फायनल शनिवारी आहे," मी म्हटलं.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. शनिवारी त्यांना पुण्याला जायचं होतं, तन्वीचे बाबा परदेशात होते, आणि दुसरं कुणी नव्हतं. हे त्या हळू आवाजात सांगत होत्या, जणू स्वतःलाच. मला वाटलं, संपलं. आणि तेव्हा आई बोलली. एवढे महिने त्या घरात ती हो, बरं, ठीक हाय यांच्यापलीकडे काही बोलली नसेल. "मॅडम," ती म्हणाली, "शनिवारी मी लेकीच्या खेलाला जानार. तन्वी माज्याबरूबर येईल, नायतर तुमी दुसरी बाई बगा त्या दिवसापुरती." कडेवरच्या मुलीला तिनं अजून घट्ट धरलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तिचा ड्रॉइंग क्लास आहे. आणि झोप." मॅडमनी आईकडे बघितलं, माझ्या कोपराकडे बघितलं, मग म्हणाल्या, "वर चला. त्याला आधी औषध लावू." वर गेल्यावर मी तो फ्रिज पहिल्यांदा बघितला. मॅडमनी ड्रॉवरमधून मार्कर काढला, शनिवारच्या चित्राच्या आणि झोपेच्या चौकोनांवर एकच आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, कबड्डी. मला हवं होतं ते मिळालं होतं. पण ते तन्वीच्या कागदावर मिळालं होतं, तन्वीच्या शनिवारात, तन्वीसकट. परतताना बसमध्ये आई म्हणाली, "आता खुश ना?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ती झोपली होती.

शनिवारी त्या दोघी आल्या. मैदान भरलेलं होतं, आमच्या गावची निम्मी माणसं, ढोल, शिट्ट्या, भज्यांच्या तेलाचा वास. आणि पहिल्या रांगेत आई, पायाशी भलीमोठी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, टोपी, कपड्यांचा जास्तीचा जोड, उकडलेला मका. तन्वी खुर्चीवर उभी, पांढऱ्या टोपीत, गुलाबी बुटांत. गावच्या बायका तिला बघायला वाकत होत्या. "कोनाची गो ही?" कुणीतरी विचारलं आणि आई हसून म्हणाली, "माजीच." मी रेषेवर उभी होते. मला ऐकू आलं.

सामना सुरू झाला आणि मी ते सगळं विसरले, किंवा त्याच रागानं खेळले, आता सांगता येत नाही. उत्तरार्धात आम्ही मागे होतो. समोर चौघी राहिल्या होत्या. मी चढाईला गेले. कबड्डी कबड्डी म्हणत उजव्या कोपऱ्याकडे गेले, तिथली मुलगी पुढे झाली, मी वाकले आणि पायाच्या अंगठ्यानं तिच्या घोट्याला शिवले. वळता वळता दुसरीच्या हाताला हात लागला. तिसरीनं माझी कंबर धरली. दोघी पडलो. माझा दम संपत आला होता, डोळ्यांसमोर काळं येत होतं, आणि मी तिच्यासकट सरपटत हात पुढे टाकला. रेषा बोटांना लागली. शिट्टी. तिघी बाद. ढोल एकदम फुटला. तशी चढाई मी त्याआधी केली नव्हती आणि त्यानंतरही नाही. उठले, तोंडातली माती थुंकली, आणि सगळ्यात आधी आईकडे बघितलं.

आई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, मैदानाकडे पाठ करून. तन्वीच्या बुटाची लेस सुटली होती, ती बांधत होती. तन्वी खुर्चीवर उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, टोपी डोळ्यांवर आलेली, आणि किंचाळत होती, "ताई! ताई!" आईनं गाठ मारली, वर बघितलं, वळली. तोवर मी आमच्या बाजूला परतले होते.

आम्ही अंतिम सामना हरलो, अगदी थोडक्यात. मुली रडल्या. मी रडले नाही. मी बाकावर बसून पायाची माती काढत राहिले. तन्वी पळत आली, तिच्या मागे आई. त्या मुलीला मी आठवडाभर आवडत नव्हते, पण ती ते विसरली होती. "ताई, तू पाय असा केला!" ती एका पायावर उभी राहून दाखवू लागली आणि पडली. "मग एक ताई पडली धप्प! मग दुसरी ताई धप्प! मग ती मोठी ताई तुझ्यावर बसली तरी तू हात असा लांब केला!" आई तिचं ऐकत होती. मान हलवत, एकेक शब्द. मग आईनं बाटली माझ्याकडे केली. मी पाणी प्यायले. तिघी बसनं खारघरला गेलो, तन्वीला तिच्या आत्याकडे सोपवलं, जी त्या दुपारीच बाहेरगावाहून आली होती, आणि आम्ही दोघी घरी आलो.

त्या संध्याकाळी बाबा लवकर आले. भाकऱ्या होत होत्या. बाबांनी हात धुता धुता विचारलं, "काय झालं मग?"

"हरलो," मी म्हटलं.

"हरली ते सोडा," आई तव्याजवळून म्हणाली आणि उलथणं हातात घेऊन उठली. "तुमी तिची चढाई बगायला पायजे होती. पाय असा केला हिनं!" तिनं साडी एका हातानं सावरली, एका पायावर उभी राहिली, तोल गेला तशी भिंतीला धरलं. "कोपऱ्यातली पोरगी धप्प! दुसरी धप्प! आनि ती आडमाप मोटी, ती हिच्यावरच बसली, तरी हिनं हात असा लांब केला." तिनं उलथणं बाबांच्या ताटापर्यंत लांब केलं. बाबा खो खो हसत होते. आईच्या डोळ्यांत चमक होती, कपाळावर पीठ. "मी तर खुर्चीवर उबी राहिले होते," ती म्हणाली. "खाली बसून दिसंच ना."

तव्यावरची भाकरी फुगली होती. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. बाबांनी हसू आवरत माझ्याकडे वळून विचारलं, "खरं गं? उबी होती खुर्चीवर, सगल्यांच्या देखत?"

आई माझ्याकडे बघत होती. उलथणं अजून हवेत होतं.

"हो," मी म्हटलं. "पहिल्या रांगेत."